साडेसात एचपीच्या गावात

सांगली जिल्ह्यातल्या कुंडल परिसरात एचपी हा शब्द शाळेच्या पुस्तकातून येत नाही, विहिरीवरून येतो. मोटर तीनची की पाचची, साडेसातवर वरच्या वावरात पाणी चढेल का, पाइपलाइन लांबली तर दहाची बसवावी का, यावर इथली पोरं मिसरूड फुटण्याआधीच मत द्यायला लागतात. तेव्हा या भागात ३८७ एचपीच्या गाडीचा परिचय करून द्यायचा तर तो साडेसातच्या मापानेच द्यावा. भागाकार केला की ५१ मोटरी भरतात, वर थोडं उरतं.

आता दुसरा हिशेब. पावणेदोन टनांची, अंगाने नितळ अशी गाडी सपाट डांबरावर ताशी ८० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने न्यायची, तर हवेचा विरोध आणि चाकांचं घर्षण धरून ढोबळमानाने १२ ते १५ एचपी पुरतात. म्हणजे दोन मोटरी. उरलेल्या ४९ रोज सकाळी गाडीबरोबर बाहेर पडतात आणि बहुतेक संध्याकाळी काही न करता घरी येतात. अशी गाडी रोजच्या वापराला ठेवणारा माणूस पैसे मोजतो ते या रिकाम्या बसलेल्या ४९ मोटरींचे. त्या कधी कामाला येतात आणि त्यांना पोसायला काय पडतं, ते पाहिल्याशिवाय या गाडीचा परिचय पुरा होत नाही.

यंत्र

नमुना म्हणून बीएमडब्ल्यूची एम३४०आय एक्सड्राइव्ह घेऊ. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली. कंपनीच्या ‘एम परफॉर्मन्स’ घराण्यातली भारतात जोडली जाणारी ही पहिली गाडी. जोडणी चेन्नईजवळच्या कारखान्यात, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख रुपये. पुढच्या सुधारित आवृत्तीत आकडे थोडे बदलले, पण स्वभाव तोच राहिला.

बॉनेटखाली तीन लिटरचं, ओळीने सहा सिलिंडर मांडलेलं पेट्रोल इंजिन आहे. या मांडणीत पिस्टनांचे हादरे एकमेकांत जिरतात, त्यामुळे सिग्नलला उभी असताना गाडी चालू आहे की बंद, हे पाहायला काट्याकडे नजर टाकावी लागते. एका टर्बोच्या जोरावर ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, आणि तो १,८०० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. रोजच्या वापरात महत्त्वाचा आकडा हाच. ३८७ एचपी हवी तर इंजिन पार वर, ५,८०० फेऱ्यांपुढे न्यावं लागतं, आणि गावाकडच्या रस्त्यावर तो योग क्वचितच येतो. टॉर्क मात्र गल्लीच्या तोंडापासून सोबत असतो. आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद चारही चाकांना, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे शून्यावरून १०० पर्यंत ४.४ सेकंद. चौपदरी महामार्गावर कारला कायद्याने जास्तीत जास्त १०० ची मुभा आहे. म्हणजे कायदा जिथे थांब म्हणतो, तिथे ही गाडी साडेचार सेकंदांच्या आत पोचलेली असते.

घरच्या माणसांना घेऊन फिरायची चार दारांची गाडी आणि शर्यतीचं काळीज, ही जोडी जर्मनीत चांगली रुळली. १९६८ मध्ये मर्सिडीजने आपल्या भारदस्त सेडानमध्ये ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून ‘३०० एसईएल ६.३’ काढली. १९८५ मध्ये बीएमडब्ल्यूची पहिली एम-५ आली. तिचं २८६ एचपीचं इंजिन एम-१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून आलेलं, आणि अंगावरचा कोट ऑफिसला जाणाऱ्या साहेबाचा. बाहेरून ओळखू येऊ नये, हाच त्या गाड्यांचा रुबाब.

महाराष्ट्रात आलिशान गाडीचं अप्रूप जुनं आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते आणि सोनं लुटायला आलेली गर्दी आधी तिच्याकडे बघते. पण संस्थानिकांच्या पागेतून निघून ही हौस डॉक्टर, बिल्डर, बागायतदारापर्यंत यायला १९९५ उजाडावं लागलं. त्या वर्षी पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना काढला. पाठोपाठ २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि लहान शहरांतल्या पैशाकडे या कंपन्यांनी पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं.

गाव

अशी गाडी कुंडलला उपरी वाटेल, असा शहरी माणसाचा समज असतो. गावाची ओळख स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारची राजधानी, त्या लढ्यातल्या जी. डी. बापू लाडांचं गाव, कुस्तीचं मोठं मैदान, डोंगरावरची पार्श्वनाथाची देवळं अशी सांगितली जाते. त्या यादीत जर्मन सेडान बसत नाही. पण गावाशेजारच्या रेल्वे स्टेशनाचं आताचं नाव बघा. पूर्वीचं कुंडल रोड, आता किर्लोस्करवाडी. बेळगाव सोडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी इथला ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर, उसाचे चरक, आणि १९२६ पासून सेंट्रिफ्यूगल पंप. ओतकाम, घासकाम, मापं यांची भाषा या पंचक्रोशीत चार पिढ्या मुरली आहे. इथल्या घराघरांत कोणी ना कोणी फौंड्रीत नाही तर लेथवर उभं राहिलेलं आहे. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला चांगलं म्हणायचं नाही, ही इथली रीत.

पुढची साखळी सरळ आहे. पंपाने पाणी चढलं, ताकारीसारख्या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी वरच्या माळापर्यंत नेलं, पाण्यामागे ऊस आला, उसामागे साखर कारखाने. बापूंच्या नावाचा क्रांतिअग्रणी सहकारी कारखाना कुंडललाच आहे. उसामागून द्राक्षं आली, द्राक्षांमागून शिकायला बाहेर पडलेली पोरं. या साखळीच्या टोकाला एखाद्या दारात ३८७ एचपी उभे राहिले, तर ते आभाळातून पडलेले नसतात. साडेसातच्या मोटरीनेच त्यांना ओढून आणलेलं असतं.

हंगाम

त्या ४९ मोटरींचा उपयोग समजून घ्यायचा तर हंगामात, दिवस मावळल्यावर रस्त्यावर यावं. कारखान्यांची धुराडी पेटली की रस्ता उसाचा होतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागच्या बाजूला दिवा असला तर असला. मधूनच टायरच्या चाकांच्या बैलगाड्यांची रांग. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, पण पाल्याने रिफ्लेक्टर झाकला गेला की ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच.

अशा ट्रॅक्टरला ओलांडायचा हिशेब करून पाहू. दोन ट्रॉल्यांसह लांबी २० मीटर धरू, वेग ताशी २०. मागे १५ मीटरवरून निघून पुढे १५ मीटरवर आपल्या बाजूला यायचं, तर आपली लांबी धरून ५५ मीटर जादा तोडावे लागतात. साधारण ताकदीची कार हे करायला सात-साडेसात सेकंद घेते. अशी सेडान सबुरीने, पायाखालचं सगळं न वापरताही पाच-सव्वापाच सेकंदांत मोकळी होते. समोरून ताशी ६० ने गाडी येत असेल, तर पहिलीला सुरक्षित राहायला सव्वादोनशे मीटर रिकामा रस्ता दिसावा लागतो, दुसरीला पावणेदोनशे. फरक पन्नास मीटरांचा आणि दोन सेकंदांचा. एवढ्या लाखांचे दोन सेकंद, असं कोणी हिणवील. पण शेतांतून वळणं घेत जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर उसाने दोन्ही बाजूंची नजर अडवलेली असते, तिथे ते जादा पन्नास मीटर क्वचितच मिळतात.

या दोन सेकंदांची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. त्या पाच सेकंदांच्या शेवटी गाडीचा वेग नव्वदीच्या पुढे गेलेला असतो, आणि आतल्या शांततेमुळे तो पन्नास वाटतो. पुढे ट्रॅक्टरच्या आड दुसरा ट्रॅक्टर निघाला की सगळा भार ब्रेकवर. ते मोठे आहेत, दमदार आहेत. पण मागून येणाऱ्या दुचाकीचे तसे नसतात, हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवायचं.

पोट आणि टायर

गाडीला सगळ्यात जास्त अडवतात ते गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ ने गाडी अलगद पार होते. आपल्याकडे घर रस्त्याकडेला आहे, पोरं खेळतात, म्हणून रातोरात मुरुमावर डांबर ओतून जो उभा राहतो, त्याचा या मापांशी संबंध नसतो. रुंदी हातभर आणि उंची मनाला येईल तेवढी.

या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.८५ मीटर अंतर आहे. नियमातला गतिरोधक त्याहून रुंद, म्हणून चारही चाकं त्याच्या पाठीवर येतात आणि पोट उचललेलं राहतं. अरुंद उंचवटा मात्र दोन चाकांच्या मध्ये येऊन थेट पोटाला भिडतो. सराईत चालक काय करतो ते पाहण्यासारखं असतं. आधी आरशात बघतो. मागची मोटारसायकल जाऊ देतो. मग स्टिअरिंग वळवून गाडी तिरकी घालतो. डावं पुढचं चाक चढतं, गाडी किंचित झुकते, मग उजवं, मग मागचं डावं. एका वेळी एकच चाक माथ्यावर, त्यामुळे पोटाचा मधला भाग पुरता खाली बसत नाही. हे सगळं चालण्याच्या वेगाने, आणि समोरचा एसटीचा ड्रायव्हर हे कौतुक संपायची वाट बघत थांबलेला. चार चाकं उतरली तरी कान खालीच लागलेले असतात. खरखर आली नाही म्हणजे जमलं.

टायरची गोष्ट याहून नाजूक. २५५ मिलिमीटर रुंदीच्या ४० प्रोफाईलच्या टायरची भिंत भरते १०२ मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यात तेवढंच रबर. साइडपट्टीवर उतरताना डांबराची धारदार कड लागली की भिंतीवर फुगा येतो, आणि फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाला हात लावत नाही. या जातीच्या गाड्यांना बहुतेक वेळा रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतात. कुंडलहून सांगली चाळीसेक किलोमीटर, कऱ्हाडही तेवढंच, कोल्हापूर सत्तरच्या आसपास, पुणे दोनशे. म्हणजे फाटक्या चाकावर कोल्हापूर जेमतेम गाठता येतं, पुणे नाही. त्या मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. म्हणून अनुभवी मालक हवेचा दाब दर आठवड्याला थंड टायरवर तपासतात आणि घरात एक टायर राखून ठेवतात. शहरात हा काळजीखोरपणा ठरेल. इथे त्याच्यावाचून गाडी आठवडाभर दारात उभी राहते.

टाकीतला ऊस

पेट्रोल पंपावर या गाडीला पहिला प्रश्न ठरलेला: “किती देती?” मोकळ्या रस्त्याचा आकडा सांगितला तर कोणाचा विश्वास बसत नाही, हंगामातल्या गर्दीचा सांगितला तर हसतात. टाकी ५९ लिटरची. पण एका लिटरमागे किती किलोमीटर, यापेक्षा त्या लिटरात काय आहे हे इथे जास्त मजेचं आहे.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. पेट्रोल हलकं असलं तर ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. हे ओळखून गाडीचा संगणक ठिणगी मागे ओढतो आणि ताकद कमी करून घेतो. म्हणजे ३८७ चा आकडा पेट्रोलच्या ऑक्टेनवरही अवलंबून आहे. आपल्याकडचं साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, त्यामुळे अशा गाडीचे मालक ९५ किंवा त्यावरचं महागडं पेट्रोल शोधत कऱ्हाड-कोल्हापूर करायचे. मग इथेनॉल आलं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलचा ९५ भरतो. ठोकण्याच्या बाबतीत टर्बो इंजिनाला ते मानवतं. उलट बाजू अशी, की इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप, सील या मिश्रणाचा विचार करून बनतात. त्याआधीची गाडी असेल तर मॅन्युअलचं ते पान आधी वाचावं.

हे इथेनॉल येतं कुठून? आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या मळीतून आणि उसाच्या रसातूनही त्याचा एक वाटा निघतो. संध्याकाळी जो ट्रॅक्टर या गाडीची वाट अडवतो, त्याच्या ट्रॉलीतलं काहीतरी फिरून तिच्याच टाकीत येतं. हॉर्नवर हात ठेवण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

रोजचं

गाडी महामार्गासाठी घडवलेली आणि रोजचं काम दोन-चार किलोमीटरचं, हा खरा पेच. घरापासून किर्लोस्करवाडी स्टेशन, तिथून बँक, बँकेतून मळा. पाण्याचा काटा चटकन मध्यावर येतो, पण ऑइल गरम व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ऑइल थंड असतानाच इंजिन पुन्हा पुन्हा बंद झालं तर आतली वाफ उडत नाही आणि ऑइल लवकर बिघडतं. म्हणून ज्याच्या दारात ही गाडी आहे, त्याच्या दारात मोटारसायकलही असतेच, आणि मळ्याकडे तीच जाते. मळ्याच्या बांधावर या गाडीने जायचं कारणच नाही.

हंगामात पाचट पेटलं की हवेत काजळी तरंगते. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधी काळे होतात. ऊस तुटून रान मोकळं झालं की उंदीर-घुशी आसरा शोधत गावात शिरतात, आणि उबदार इंजिनातल्या वायरी त्यांना भलत्याच आवडतात. सेन्सरची एक वायर कुरतडली की पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागते. रात्री बॉनेट उघडं टाकायचं, शेडमध्ये धान्याची पोती ठेवायची नाहीत, हे साधे उपाय कोणत्याही स्प्रेपेक्षा भरवशाचे.

पावसाळ्यात वेगळा धडा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली, कोल्हापूरजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला. पाणी किती खोल हे कळत नसेल तर खालच्या बांधणीच्या गाडीने त्यात शिरू नये. हवा ओढायचं तोंड बुडालं आणि पाणी सिलिंडरात गेलं, तर पिस्टनांना जोडणाऱ्या दांड्याच वाकतात. चारही चाकांना ताकद आहे म्हणून पाण्यातून जाता येतं, हा गैरसमज आहे. चाकांची पकड आणि गाडीची उंची यांचा काही संबंध नाही.

बाजाराच्या दिवशी पार्किंगचे सेन्सर ओरडून हैराण करतात. भाजीची पाटी, शेळी, सायकल, गाडीत डोकावणारी पोरं, सगळ्यांनाच यंत्र धोका समजतं. पोरांना काच खाली करून आत बघू दिलं की पाच मिनिटांत कुतूहल फिटतं. काळ्या काचा वर ठेवल्या तर जाताना दारावर खिळ्याची रेघ मिळायची शक्यता वाढते.

महामार्ग

ताकारी-शेणोलीच्या बाजूने कऱ्हाड गाठलं आणि पुण्याच्या दिशेने लागलं, की गाडी पहिल्यांदा आपल्या मापाच्या रस्त्यावर येते. आणि तिथे ती काहीच करत नाही. शंभरच्या वेगाला इंजिन वरच्या गिअरमध्ये गुणगुणतं, १८-२० एचपीवर काम भागतं, बोलायला आवाज चढवावा लागत नाही. सातारा मागे पडून खंबाटकी येते. चढावर मालट्रकांनी दोन्ही लेन धरलेल्या असतात. मोकळीक मिळाली की पाय जरा दाबायचा. गिअर न बदलताही गाडी पुढे सरकते, आणि मागच्या सीटवरच्या म्हातारीची झोप मोडत नाही. दोनशे किलोमीटरनंतर उतरताना पाठ ताठ असते. आरामाची कसोटी हीच.

आपण गाडीचं मोल तिच्या टोकाच्या वेगावरून करतो. कुंडलच्या रस्त्यांवर रोज वापरायची असेल तर ते माप टाकून द्यावं. इथे तिची ताकद ही राखीव गोष्ट आहे. लागेल तेव्हा दोन सेकंद मिळतात, चढावर धाप लागत नाही, अचानक थांबावं लागलं तर थांबता येतं. हे राखीव बळ खर्चून दाखवायची ज्याला खोड आहे, त्याच्या हाती ही गाडी देऊ नये. ट्रॅक्टरमागे दहा मिनिटं मुकाट चालायची ज्याची तयारी आहे, त्याच्या हाती ती शोभते.

ज्याचं येणं-जाणं कारखाना, बँक आणि मळा एवढ्यापुरतं आहे, त्याने निम्म्या पैशात उंच बांधणीची गाडी घ्यावी आणि सुखाने राहावं. ज्याला आठवड्याला पुणं करायचं आहे आणि दारात दुसरं वाहन आहे, त्याने हिचा जरूर विचार करावा. मात्र चाचणी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. हंगामात, अंधार पडल्यावर, घरच्या सगळ्यांना बसवून गाडी स्वतःच्या गल्लीत आणायला सांगावं. गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक ती पार करते का, दारातल्या उतारावर नाक घासतं का, आणि त्या मापाचा टायर किती दिवसांत मिळेल, याची तीन उत्तरं मिळाली की मगच चेकबुक काढावं.